धर्मग्रामाची शीव

‘धर्मग्राम’ हा शब्द आपल्या मराठी ख्रिस्ती लेखनात आता चांगला रुळला आहे. वसईपासून पुण्यापर्यंत चर्चच्या नोटीसफलकावर तो सर्रास दिसतो. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडे गेले, की कोकणी बोलणारी आपली माणसे त्यालाच ‘फिरगज’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच संस्थेचे वाचक असले, तरी त्यांचे कूळ वेगळे आहे. फिरगज हे पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’चे कोकणी रूप आणि त्या पोर्तुगीज शब्दाच्या मुळाशी ‘ख्रिस्तसभेचे लेकरू’ अशा अर्थाची लॅटिन शब्दजोडी आहे, असे व्युत्पत्तिकार सांगतात. इंग्रज आणि फ्रेंच यांनी मात्र आपला शब्द ग्रीक ‘पारोइकिया’वरून घेतला. त्याचा अर्थ, परक्या मुलखात शेजारधर्माने केलेला मुक्काम. म्हणजे एका भाषेने या संस्थेत लेकरू पाहिले, दुसरीने उपरा पाहिला आणि आपण मराठी माणसांनी गाव पाहिले. लेकरू, उपरा आणि गावकरी या तिघांपैकी धर्मग्राम कोणाचा, हा प्रश्न शब्दांच्या खेळापुरता नाही. गेली साडेचारशे वर्षे आपल्या या भागात त्यावरून भांडणे झाली आहेत, कज्जे लढवले गेले आहेत आणि क्वचित चर्चच्या दारांना आतून अडसरही पडले आहेत.

गाव म्हटले की शीव आली. आपल्या जुन्या गावगाड्यात राहती जागा ती पांढरी, पिकाची जमीन ती काळी आणि या दोहोंना वेढणारी ती शीव. शिवेचा तंटा लागला, की दोन्ही गावांचे पाटील-कुळकर्णी जमत. पण शीव नेमकी कोठून जाते हे सांगण्याचा मान बहुधा गावच्या महाराचा असे. ज्याला पांढरीत घर बांधू देत नसत, त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरे. ही विसंगती वाचकांनी क्षणभर ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

धर्मग्रामाला शीव असलीच पाहिजे, हा आग्रह ख्रिस्तसभेत प्रारंभापासून होता असे नाही. 1215 सालच्या चौथ्या लॅटरन विश्वपरिषदेने प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून एकदा तरी ‘आपल्या’ धर्मगुरूपाशी पापनिवेदन करावे असे ठरवले, तेव्हा आपला धर्मगुरू कोणता हा प्रश्न प्रथम काटेकोरपणे उभा राहिला. त्याचे व्यवस्थित उत्तर ट्रेंट येथील विश्वपरिषदेने 1563 साली दिले. जेथे हद्दी अनिश्चित आहेत तेथे बिशपांनी लोकांची निश्चित धर्मग्रामांत विभागणी करावी आणि प्रत्येक धर्मग्रामाला स्वतःचा कायम धर्मगुरू द्यावा, अशी आज्ञा तिने केली. त्याच बैठकीत विवाहाविषयीचा तो प्रसिद्ध आदेश निघाला. वधूवरांच्या धर्मगुरूसमोर आणि साक्षीदारांसमोर न झालेला विवाह अवैध ठरू लागला. चोरून लग्न लावून मग नाकबूल होणाऱ्या पुरुषांमुळे ज्या स्त्रिया उघड्यावर पडत, त्यांचे संरक्षण हा या आदेशामागचा हेतू होता.

पुढे पोप दहावे पायस यांच्या काळात 1907 साली निघालेल्या आणि 1908 च्या पुनरुत्थान सणापासून अमलात आलेल्या आदेशाने या नियमाला आणखी एक वळण दिले. तेव्हापासून धर्मगुरूचा विवाहविषयक अधिकार माणसांवरून जमिनीवर आला. आपल्या हद्दीत तो अधिकाराने विवाह लावू शकतो, हद्दीबाहेर तेथील धर्मगुरूची परवानगी लागते. सेमिनरीत कायद्याच्या वर्गात आम्हांला ओढ्याचे उदाहरण देत असत. ओढ्याच्या अलीकडे लावलेले लग्न वैध, पलीकडे परवानगीवाचून लावलेले अवैध. मंत्र तेच, वधूवर तेच, धर्मगुरूही तोच. त्या वयात आम्ही हसलो. पण ओढ्याकाठच्या गावांत काम केलेला कोणताही धर्मगुरू या उदाहरणाला हसणार नाही.

आता आपल्या शेजारच्या गोव्याकडे पाहू, कारण आपल्या भागातील धर्मग्रामाची घडण तेथे सुरू झाली. पोर्तुगीज आले तेव्हा तेथे गावकरी नावाची संस्था पूर्वापार नांदत होती. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या मूळ कुटुंबांचे वंशज ते गावकार. गावाची जमीन सामाईक, ती लिलावाने कसायला द्यायची, उत्पन्नातून सरकारचा ठरीव सारा भरायचा, बांध-बंधारे, देऊळ आणि गावचे कामकरी यांचा खर्च भागवायचा आणि उरलेले गावकारांनी वाटून घ्यायचे, अशी तिची रीत. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने 1526 साली या रूढी लेखी नोंदवून घेतल्या. त्याच्या सनदेला गोव्याच्या इतिहासात फार मोठे स्थान आहे. तिसवाडीची तीस गावे, साष्टीची सहासष्ट, बारदेशाची बारा. ही नावेच मुळी गावांच्या संख्येवरून पडलेली आहेत.

1540 च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली आणि 1541 साली त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवण्यास गावकारांची संमती घेण्यात आली. ती संमती किती मोकळ्या मनाची होती हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही. 1543 साली साष्टी आणि बारदेश हे प्रांत पोर्तुगिजांकडे आल्यावर तेथेही हाच क्रम चालू झाला. साष्टीत येशूसंघीय आणि बारदेशात फ्रान्सिस्कन यांनी धर्मग्राम वसवले. हे प्रकरण आपल्या पूर्वजांच्या इतिहासातील असल्यामुळे आपण ते झाकून ठेवू नये, असे माझे मत आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. धर्म बदलला, देवालय बदलले, पण शीव बदलली नाही. ट्रेंटच्या आज्ञेप्रमाणे हद्द आखण्याची वेळ आली तेव्हा बिशपांना नवी रेघ ओढावी लागली नाही. गावकरीची रेघ तयार होती. कोठे एका गावाची एक फिरगज झाली, कोठे दोन-चार गावे मिळून एक झाली, एवढाच फरक. देवळाचा खर्च चालवणारी गावकरीच पुढे चर्चच्या डागडुजीचा आणि सणाचा खर्च पाहू लागली.

चर्चचा कारभार पाहण्यासाठी तेथे दोन संस्था उभ्या राहिल्या. इमारत, वस्त्रे, भांडी आणि मेणबत्त्या यांची तजवीज पाहणारी ती ‘फाब्रिक’ आणि भक्ती, मिरवणुका, सभासदांचे अंत्यविधी यांसाठी स्थापलेल्या त्या ‘कॉन्फ्रारिया’. दोहोंत खजिनदार आणि चिटणीस हे पदाधिकारी प्रापंचिक असत. पैशांच्या पेटीला एकापेक्षा अधिक कुलपे आणि त्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या हातांत ही ख्रिस्तसभेतील जुनी चाल. तिसरे इनोसंट पोप यांनी 1199 साली क्रूसयुद्धाच्या वर्गणीसाठी प्रत्येक चर्चमध्ये तीन किल्ल्यांची पेटी ठेवायला सांगितली होती. एक किल्ली बिशपांकडे, एक धर्मगुरूकडे आणि तिसरी एखाद्या धर्मशील प्रापंचिकाकडे. प्रापंचिकांनी चर्चचा हिशेब पाहणे हे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतरचे नवे फॅड आहे, असे आमच्यातील काही वडीलधारे धर्मगुरू म्हणत असत. त्यांना ही तिसरी किल्ली दाखवायला हवी होती.

तथापि, गोव्यातील तिसरी किल्ली कोणाच्या हाती होती, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. ती गावकाराच्या हाती होती. अनेक फिरगजांत मुख्य कॉन्फ्रारियाचे सभासदत्व जन्माने मिळे. लाल ओपमुर्स अंगावर घालून मिरवणुकीत पुढे चालण्याचा आणि गावच्या मोठ्या फेस्ताचा यजमान होण्याचा हक्क ठरावीक कुळांचा. बाकीच्यांसाठी वेगळी कॉन्फ्रारिया, वेगळा रंग, वेगळे फेस्त. कुळे, कामकरी आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक तीन-तीन पिढ्या त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा घेत, त्याच मातीत पुरले जात, पण कारभारात त्यांना स्थान नव्हते. या हक्कांवरून विसाव्या शतकातही कोर्टकज्जे झाले. प्रभुभोजनाच्या मेजावर सर्वांना एकच भाकर आणि कारभाराच्या मेजावर मात्र कुळाची चौकशी, ही विसंगती आपल्याच घरातील आहे. ज्या गावगाड्यात शीव महार दाखवी आणि पंक्तीत त्याला जागा नसे, त्याच गावगाड्याची ही ख्रिस्ती आवृत्ती होय.

पोर्तुगीज सरकारने या फिरगजेला मुलकी रूपही दिले. तालुक्याखालोखालचा सरकारी घटक म्हणजे फ्रेगेझिया आणि तिच्यावर ‘रेजेदोर’ नावाचा सरकारनियुक्त माणूस. एकोणिसाव्या शतकात माणसाचा जन्म, विवाह आणि मृत्यू यांचा पुरावा म्हणजे बहुधा धर्मगुरूची नोंदवही. 1910 साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि त्यानंतर काही वर्षांतच गोव्यात हे नोंदीचे काम सरकारी निबंधकाकडे गेले. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, 1962 साली तेथे ग्रामपंचायतींचा कायदा लागू होऊन निवडणुका झाल्या आणि रेजेदोर इतिहासजमा झाला. गावकरी आजही दोनशेहून अधिक गावांत उभी आहे. पण गावचा कारभार आता पंचायतीचा आहे आणि पंचायतीत मत द्यायला गावकाराच्या पोटी जन्म घ्यावा लागत नाही. या बाबतीत सरकार चर्चच्या पुढे गेले, हे मान्य केले पाहिजे.

धर्मग्राम हाच सरकारी कारभाराचा घटक होणे ही गोष्ट गोव्यापुरती नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण सातासमुद्रापलीकडे कॅनडात आहे. तेथील फ्रेंच वसाहतीत सेंट लॉरेन्स नदीच्या दोन्ही काठांनी शेतकरी विखुरले होते आणि धर्मग्रामांच्या हद्दींविषयी गोंधळ होता. तेव्हा 1721 साली कोले नावाचा सरकारी वकील कारकुनाला बरोबर घेऊन काठाकाठाने गावोगाव फिरला. प्रत्येक ठिकाणी त्याने धर्मगुरू, जमीनदार आणि साधे शेतकरी यांना एकत्र बोलावून विचारले, की तुम्हांला कोणते चर्च सोयीचे आणि कोणते गैरसोयीचे? लोकांनी नदीच्या बर्फाविषयी सांगितले, पुराविषयी सांगितले, अंतराविषयी सांगितले. ती सारी उत्तरे लिहून घेतली गेली आणि त्यांच्या आधारे हद्दी ठरून पुढल्या वर्षी राजाची मंजुरी आली. तेथील चर्चचा आर्थिक कारभार पाहणाऱ्या मंडळाचे नाव ‘फाब्रिक’, म्हणजे आपल्या गोव्याचाच शब्द; दोघांचे लॅटिन आजोबा एकच. त्या मंडळावर धर्मग्रामातील लोक आपले प्रतिनिधी निवडून देत.

शेजारच्या न्यू ब्रन्स्विक प्रांतात तर 1786 च्या कायद्याने सगळ्या जिल्ह्यांची विभागणी ‘पॅरिश’ या नावाच्या मुलकी घटकांत झाली. तेथे राज्य इंग्रजांचे आणि वस्ती बहुपंथीय, पण नाव धर्मग्रामाचे. 1967 साली तेथील जिल्हा मंडळे रद्द झाली आणि ग्रामीण भागातील बहुतेक लोकांना स्वतःचे निवडून दिलेले मंडळच उरले नाही. ती उणीव भरून काढणारी मोठी फेररचना 1 जानेवारी 2023 पासून अमलात आली. हद्द तीच ठेवून कारभार काढून घेतला, तर लोक त्या हद्दीला किती काळ आपली म्हणतील, हा प्रश्न तेथे पन्नासहून अधिक वर्षे धुमसत होता. आपल्याकडील चर्चच्या कारभारालाही तो लागू पडतो.

पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. जमिनीवरची हद्द कितीही कटकटीची असली, तरी ती नसण्यापेक्षा बरी, हे मुंबई परिसराने अनुभवाने शिकले. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चच्या नेमणुकांचा जो आश्रयाधिकार मिळाला होता तो पाद्रोआदो आणि रोमहून थेट पाठवलेल्या मिशनऱ्यांचा अधिकार तो प्रोपागांडा. मुंबई बेटावरील चर्चेस 1794 साली या दोन अधिकारांत वाटली गेली. त्यानंतर कुटुंबाचा धर्मगुरू कोण हे राहत्या घरावरून ठरेना. मूळ कोठले आणि कोणत्या बाजूचे यावरून ठरू लागले. एकाच गल्लीत दोन शेजारी दोन बिशपांचे. वाद इतका विकोपाला गेला, की 1853 साली वरच्या माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बिशप हार्टमन स्वतःला आत कोंडून बसले आणि बाहेर पाद्रोआदोच्या लोकांनी वेढा दिला. अखेर ते चर्च पाद्रोआदोकडे गेले. ख्रिस्ताच्या नावाने एकत्र आलेल्या लोकांनी आपल्याच बिशपाचा दाणापाणी तोडावा, याला भक्ती म्हणावे की गावकी?

या दुहेरी अधिकाराची गाठ सुटायला पाऊण शतक गेले. 1886 च्या करारानुसार दमण धर्मप्रांत निर्माण होऊन उत्तर कोकणातील पाद्रोआदोचे धर्मग्राम त्याच्याकडे आले. 1928 साली पोप आणि पोर्तुगाल यांच्यात नवा करार झाला, दमण धर्मप्रांत बंद झाला आणि मुंबईचा महाधर्मप्रांत एका छत्राखाली आला. मात्र तेथील आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा, अशी अट राहिली. स्वतंत्र भारतात ती टिकणे शक्यच नव्हते. 1950 साली पोर्तुगालने भारतीय हद्दीतील आपला अधिकार सोडला आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

आपल्या कोल्हापूरच्या बाजूला या वादाची धग फारशी पोचली नाही. पण रेघ मात्र येथूनच जात होती. 1854 साली पुण्याचे स्वतंत्र क्षेत्र निर्माण झाले, 1886 साली त्याचा धर्मप्रांत झाला आणि कोल्हापूर संस्थान त्याच्या कक्षेत आले. सावंतवाडी आणि बेळगावचा बराच भाग मात्र गोव्याच्या आर्चबिशपांकडे. म्हणजे गोवा-सावंतवाडीतून पोटापाण्यासाठी घाट चढून आजरा-गडहिंग्लजकडे आलेले कोकणी कुटुंब आपल्या बैलगाडीबरोबर बिशपही बदलत होते. घाटाखाली ते फिरगजेचे लेकरू होते, घाटावर ते ‘पारोइकिया’तले उपरे झाले. येथे गावकरी नव्हती, कॉन्फ्रारियाची शेतजमीन नव्हती, सणाचा खर्च उचलणारे गाव नव्हते. जे काही उभे राहिले ते मिशनच्या पैशावर आणि मिशनच्या धर्मगुरूच्या देखरेखीखाली. साहजिकच कारभारही त्याच्याच हाती राहिला. आपल्या घाटमाथ्यावरील धर्मग्रामांत प्रापंचिकांना आजही पुढे यायला संकोच वाटतो, त्याचे एक मूळ येथे आहे, असे मला वाटते. गोव्यात थोड्यांच्या हाती किल्ली होती. आपल्याकडे ती लोकांपैकी कोणाच्याच हाती नव्हती.

याच कोल्हापुरात आपल्या डोळ्यांसमोर दुसरा एक नमुना होता, तो आपण पाहिला नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले आणि त्यांनी सुरू केलेल्या कामातून प्रेस्बिटेरियन मंडळ्या उभ्या राहिल्या. त्या पंथाची रचनाच मुळी मंडळीने निवडलेल्या वडिलांच्या सभेवर आधारलेली. मिरजेच्या रुग्णालयामुळे ज्यांचे नाव घरोघरी झाले ते डॉ. वानलेस याच मिशनचे. ते जन्माने कॅनडाचे, हा आपल्या विषयातील एक गमतीचा योगायोग. त्या मंडळ्यांतही तंटे पुष्कळ झाले, ते मी नाकारीत नाही. पण चार माणसांनी टेबलाभोवती बसून ताळेबंद वाचण्याची सवय त्यांना आपल्याआधी शंभर वर्षे लागली.

स्वातंत्र्यानंतर सरकारच्या रेघा भराभर हलल्या. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. 1953 साली ख्रिस्तसभेने गोवा आणि पुणे यांच्याकडील भाग घेऊन बेळगावचा धर्मप्रांत स्थापन केला. त्याला तीन वर्षे होतात न होतात तोच, 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातील चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. सीमाभागातील माणसाला या दिवसाचे दुःख वेगळे सांगायला नको. आपली सोयरीक, आपला बाजार आणि आपली भाषा रेघेच्या दोन्ही बाजूंना आहे आणि बेळगाव धर्मप्रांतातील कित्येक चर्चेसमध्ये आजही मराठी व कोकणी प्रार्थनेचे सूर ऐकू येतात.

पुणे धर्मप्रांताचा पसारा पुढे टप्प्याटप्प्याने कमी झाला. 1987 साली नाशिक वेगळे झाले आणि 5 जुलै 2005 रोजी सिंधुदुर्ग, रत्नागिरी व कोल्हापूर या तीन जिल्ह्यांचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन होऊन त्याचे मुख्य ठिकाण सावंतवाडी झाले. एकेकाळी घाटाच्या दोन बाजूंना दोन बिशपांत विभागलेला हा मुलूख अशा रीतीने एकत्र आला. पुणे दोनशे किलोमीटरहून दूर होते, त्या मानाने सावंतवाडी जवळ. पण मध्ये सह्याद्री आहे आणि पावसाळ्यात दरड कोसळली की जवळचे लांब होते. कोल्हापूर जिल्ह्याचे बारा तालुके आणि सुमारे 7,700 चौरस किलोमीटरचा विस्तार पाहिला, तर येथील धर्मग्राम म्हणजे नकाशावर तालुकेच्या तालुके व्यापणारे आणि प्रत्यक्षात मूठभर घरांचे. रविवारच्या मिस्सासाठी दोन एसट्या बदलून येणारी कुटुंबे माझ्या ओळखीची आहेत. त्यांच्या वाडीवर मृत्यू झाला तर पुरायचे कोठे, हा त्यांच्या दृष्टीने ईशज्ञानाचा प्रश्न नाही. तो दुपारपूर्वी सोडवायचा प्रश्न असतो. तो सोडवायला ग्रामपंचायतीचा सरपंच, तलाठी आणि शेजारचे हिंदू-मुसलमान बांधव धर्मगुरूच्या आधी पोचलेले असतात.

त्यात आणखी एक भर पडली आहे. कोल्हापूरच्या दवाखान्यांत आणि शाळांत केरळची जी कुटुंबे आली, त्यांच्यापैकी बरीच सिरो-मलबार परंपरेची. महाराष्ट्रातील त्यांच्यासाठी 1988 साली कल्याणचा वेगळा धर्मप्रांत झाला. एकाच शहरात दोन बिशपांचे श्रद्धावंत, हे दृश्य पुन्हा दिसू लागले. पण या वेळी ते वेढा घालण्यासाठी नव्हे, ज्याची त्याची उपासनापरंपरा जपण्यासाठी आहे. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी कायद्यात दुरुस्ती करून बाप्तिस्म्याच्या नोंदीत बालक कोणत्या परंपरेच्या ख्रिस्तसभेचे, हे लिहिणे आवश्यक केले. माहीमच्या लोकांनी ज्यासाठी दारे लावली, ते आता नोंदवहीच्या एका रकान्यात मावते.

कायद्याच्या दृष्टीने धर्मग्रामाची व्याख्याही दरम्यान बदलली. 1917 च्या कायदेसंहितेत धर्मग्राम म्हणजे धर्मप्रांताचा एक भूभाग होता. त्या संहितेत फाब्रिकच्या मंडळालाही स्थान होते. पण त्याने आध्यात्मिक बाबतीत ढवळाढवळ करू नये, अशी ताकीद त्याच्या मागोमाग होती. 1983 च्या संहितेने मात्र 515 व्या कलमात धर्मग्राम म्हणजे श्रद्धावंतांचा स्थिर समुदाय अशी व्याख्या केली आणि हद्दीचा उल्लेख तीन कलमे पुढे, सर्वसामान्य नियम म्हणून केला. धर्मग्राम स्थापणे, मोडणे किंवा त्यात मोठा फेरफार करणे हा अधिकार बिशपांचाच. पण त्याआधी धर्मगुरुमंडळाचे मत ऐकणे त्यांना बंधनकारक आहे. लोकांचे मत ऐकण्याचा उल्लेख मात्र तेथे नाही. कोलेची वही तेवढी त्या कलमात उतरली नाही.

आतल्या कारभाराविषयी संहिता थोडी अधिक उदार आहे. अर्थसमिती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे, असे 537 वे कलम सांगते. पाळकीय मंडळाचे मात्र बिशपांना योग्य वाटेल तर, आणि त्याचा अधिकार केवळ सल्ल्याचा. श्रद्धावंतांनी दिलेल्या देणग्यांचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा, असे 1287 व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. तपशील स्थानिक नियमांवर सोपवला आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांना 1950 च्या कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब सादर करावे लागतात. सरकारी अधिकाऱ्याला जो ताळेबंद दाखवतो, तो रविवारी मिस्सानंतर आपल्याच माणसांना वाचून दाखवायला आपण का कचरतो, हे कोडे मला कधी उलगडले नाही. दाखवल्याने वर्गणी कमी झाल्याचे मी कोठे पाहिले नाही. ज्या वर्षी वाचून दाखवला त्या वर्षी छपराच्या पत्र्यांसाठी आपण होऊन पुढे आलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांतली निम्मी पूर्वी कोणत्याच समितीवर नव्हती.

समिती नेमताना पुन्हा तोच जुना दोष शिरतो. जुनी घराणी, शिकलेले, चर्चजवळ राहणारे, बोलघेवडे. आणि बहुधा पुरुष. दोन एसट्या बदलून येणारी बाई, औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कामगार, गेल्या वर्षी बदलून आलेली परिचारिका यांची नावे सुचत नाहीत. लाल ओपमुर्स आपल्याकडे नाही, पण पहिल्या बाकावरची जागा कोणाची हे सगळ्यांना पाठ असते. बैठक संध्याकाळी सातला ठेवली, की शेवटची एसटी साडेसहाला जाणारी सगळी गावे आपोआप वगळली जातात. त्यासाठी कोणाला ठराव करावा लागत नाही.

रोमहून 2020 साली आलेल्या धर्मग्रामविषयक सूचनापत्राने केवळ पैशाच्या वा मनुष्यबळाच्या अडचणीमुळे धर्मग्राम मोडू नयेत असे बजावले आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये संपलेल्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजाने तर धर्मग्रामातील पाळकीय मंडळे सक्तीची करावीत, अशी मागणी नोंदवली आहे. पण आपल्या भागातील धर्मप्रांतांना तोवर थांबण्याची गरज नाही. 536 व्या कलमानुसार बिशपांनी धर्मगुरुमंडळाचा विचार घेऊन ठरवले, तर प्रत्येक धर्मग्रामात हे मंडळ आजही बंधनकारक होऊ शकते. आणि त्याचे नियमही बिशपांनीच घालून द्यायचे असतात. त्या नियमांत दूरच्या प्रत्येक वाडीतून एक सभासद असावा, निदान निम्म्या स्त्रिया असाव्यात, बैठक मिस्सानंतर दुपारी व्हावी, अर्थसमितीचा ताळेबंद वर्षातून एकदा मोठ्याने वाचला जावा आणि हद्दीत कोणताही बदल करण्यापूर्वी त्या हद्दीतल्या घरोघर जाऊन विचारणा व्हावी, एवढे लिहायला अर्धा कागद पुरतो.